"बॅटरी ८५ टक्के होती, आत्या!"

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास कॉम्प्युटरवरच्या खेळात माझ्या भाच्याचं उडतं जहाज पडलं. लोखंडाच्या खाणीतून माल भरून निघालं होतं. खड्ड्याच्या तोंडापर्यंत हळूहळू पण नीट वर आलं. मग त्याने बेसकडे जायला पुढचं बटण दाबलं आणि जहाज खाली बसायला लागलं. आधी अगदी सावकाश, लिफ्ट खाली यावी तसं. पोराने घाबरून वर नेणारा स्पेसबार दाबला, पण पुढचं बटण काही सोडलं नाही. दोन्ही बोटांची नखं पांढरी पडली होती. आधी ड्रिल टेकले, मग कॉकपिट. धूर निघाला आणि स्क्रीन काळी झाली.

तो खुर्चीतून माझ्याकडे वळला. रडायचाच बाकी होता. "बॅटरी ८५ टक्के होती, आत्या! ८५!"

खरं होतं त्याचं. मी शेजारीच बसले होते, आकडा मीही बघितला होता. आणि तरी जहाज पडलं ते वीज कमी पडल्यामुळेच. त्या संध्याकाळी ऐरोलीच्या माझ्या घरी, डायनिंग टेबलावर वही उघडून आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तो इथे लिहून ठेवतेय. हा खेळ खेळणाऱ्या बऱ्याच मुलांची जहाजं याच कारणाने पडतात. शिवाय मी पोटासाठी करते ते काम आणि हा हिशेब एकच आहे.

मी रबाळे एमआयडीसीतल्या पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. कारखान्यांची, सोसायट्यांची, पंपहाऊसची विजेची पॅनेल आमच्याकडे जुळतात. बसबार, ब्रेकर, कॉन्टॅक्टर बसवले जातात. मेगरने इन्सुलेशन तपासून, लोड देऊन ती बाहेर पाठवणं माझं काम. माझे बाबा वायरमन होते, कळव्यातल्या कितीतरी चाळींचं वायरिंग त्यांच्या हातचं. भाऊ ठाण्यात राहतो. त्याचा मुलगा सातवीत आहे आणि शनिवार-रविवार माझ्याकडे असतो. खेळ मात्र मीच त्याला दाखवला, आधी वर्षभर मी एकटी खेळत होते.

खेळाचं नाव स्पेस इंजिनिअर्स. प्रागच्या कीन सॉफ्टवेअर हाऊसने बनवलेला. ऑक्टोबर २०१३मध्ये अर्धवट अवस्थेत लोकांना खेळायला दिला, २८ फेब्रुवारी २०१९ला पूर्ण म्हणून जाहीर केला. त्यात गोष्टीमागे जायची सक्ती नाही, कोणाला मारायची सक्ती नाही. ब्लॉक जोडायचे आणि जहाजं, तळ, अवकाशस्थानकं उभी करायची. मोठा ब्लॉक अडीच मीटरचा, छोटा अर्ध्या मीटरचा. खनिज खणायचं, रिफायनरीत गाळायचं, असेंब्लरमध्ये सुटे भाग बनवायचे, वेल्डरने जोडायचे. आणि या सगळ्याला वीज लागते. दरवाजा उघडायला, श्वासाला ऑक्सिजन बनवायला, हवेत उभं राहायलासुद्धा.

वहीकडे येऊ.

भाच्याचं जहाज छोट्या ब्लॉकांचं. त्यात एकच बॅटरी. खेळात टर्मिनल, म्हणजे सगळ्या ब्लॉकांची यादी, उघडून बॅटरीवर बोट ठेवलं की उजवीकडे तिची माहिती येते, आणि त्यात दोन वेगळे आकडे असतात. एक साठा, या बॅटरीचा १ मेगावॅट-अवर. दुसरा कमाल आउटपुट, ४ मेगावॅट. मुलं पहिला बघतात, कारण तोच टक्क्यांत दिसतो आणि मोबाइलमुळे टक्के बघायची सवय झालेली असते. दुसऱ्याकडे लक्षच जात नाही. तो सांगतो की साठा कितीही असला तरी एका वेळी एवढीच वीज बाहेर येईल, त्याच्यावर एक वॅटही नाही.

आता लोड. जहाजाला वर उचलणारे आठ छोटे हवेचे थ्रस्टर, म्हणजे रेटा देणारी इंजिनं, होते. एकेक पूर्ण जोरात ६०० किलोवॅट खातो आणि ९६ किलोन्यूटन रेटा देतो. आठांचे ४.८ मेगावॅट आणि ७६८ किलोन्यूटन. मागे ढकलणारे आणखी चार, त्यांचे २.४ मेगावॅट.

जहाज रिकामं असताना वजन २२ टनांच्या आसपास. एवढं वजन हवेत नुसतं तोलायला २१६ किलोन्यूटन पुरतात, म्हणजे वरचे थ्रस्टर २८ टक्क्यांवर चालतात आणि साधारण १.३५ मेगावॅट घेतात. त्यात पुढे जायचे २.४ मिळवा. ३.७५. चारच्या आत! म्हणून आठवडाभर रिकामं जहाज सगळीकडे छान फिरत होतं, आणि पोराची खात्री झाली होती की जहाज उत्तम आहे.

शनिवारी पोटात माल होता, वजन ६० टन. नुसतं तरंगायलाच ३.७ मेगावॅट लागत होते. म्हणून ते वर येताना रेंगाळत होतं, त्याला वाटलं खड्डा खोल आहे म्हणून वेळ लागतोय. मग पुढचं बटण दाबलं, घाबरून स्पेसबारही दाबला. वरचे आठ पूर्ण, मागचे चार पूर्ण. मागणी ७.२, पुरवठा ४. खेळ अशा वेळी कुठलाही थ्रस्टर बंद पाडत नाही, आहे ती वीज सगळ्या थ्रस्टरांत वाटून टाकतो. प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून थोडं जास्त आलं. वरच्या आठांचा रेटा ४२७ किलोन्यूटन उरला आणि वजन मागत होतं ५८९. खाली जाण्यावाचून त्या जहाजाला दुसरी वाटच नव्हती.

"म्हणजे मी पुढचं बटण सोडलं असतं तर?" त्याने विचारलं.

"तर वाचलं असतं."

तो बराच वेळ गप्प बसला. मीही काही बोलले नाही. ८५ टक्के साठा ४ मेगावॅटने पावणेतेरा मिनिटं पुरला असता, बेस तीन मिनिटांवर होता. हेही त्यानेच भागाकार करून काढलं. त्यामुळे त्याला जास्तच लागलं असावं.

माझ्या कामात हा घोटाळा रोज दिसतो. वॅट आणि वॅट-अवर यांतला फरक शाळेत एका ओळीत सांगून संपवतात. खरं तर तो प्रत्येकाच्या लाईट बिलावर छापलेला असतो. एका जागी मंजूर भार, किलोवॅटमध्ये. दुसऱ्या जागी वापरलेले युनिट, म्हणजे किलोवॅट-अवर. लोक युनिट बघतात, कारण पैसे त्याचे लागतात. मंजूर भाराकडे कोणी बघत नाही. दोन किलोवॅटच्या कनेक्शनवर एसी, गिझर आणि इस्त्री एकदम लावून "मॅडम, बिल तर कमीच येतं आमचं, मग लाईट का जाते?" असं विचारणारी माणसं मला भेटतात. भाच्याचं "८५ टक्के होती" आणि हे, मला एकाच सुरात ऐकू येतं.

मी त्याला कोयनेचं उदाहरण दिलं, कारण मागच्या दिवाळीत आम्ही चिपळूणला जाताना कोयनेचं वीजघर असलेल्या पोफळीवरून गेलो होतो. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची क्षमता मिळून १,९६० मेगावॅट. झडप उघडली की पाण्यावरची जनित्रं काही मिनिटांत भार घेतात, कोळशाच्या संचाला ते जमत नाही. म्हणून संध्याकाळी घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे लागतात तेव्हा कोयना कामाला येते. पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेलं आहे. म्हणजे आउटपुट दांडगं आणि साठा मोजका. धरण भरलं की जनित्रं वाढत नाहीत, आणि जनित्रं आहेत म्हणून पाणी वाढत नाही. दोन आकडे, दोन्ही सांभाळायचे.

पुढचा विषय रात्रीचा. इथे चूक त्याची नव्हती, माझी होती, मी नवी असतानाची. मी पृथ्वीसारख्या ग्रहावर पहिला बेस बांधला तेव्हा एक रिफायनरी आणि एक असेंब्लर होतं, दोघांचे पूर्ण जोरात ५६०-५६० किलोवॅट. बाकी किरकोळ धरून १.२ मेगावॅट. मोठ्या ब्लॉकचं सोलर पॅनेल १६० किलोवॅट देतं. आठ पॅनेलं लावली, १.२८ मेगावॅट झाले, जमलं म्हणून वेल्डर खाली ठेवला. मी, जी दिवसभर लोडशेड्यूल तपासते, तिने खेळात रात्र धरलीच नाही.

खेळातला दिवस नेहमीच्या सेटिंगला दोन तासांचा असतो. ढोबळ एक तास ऊन, एक तास अंधार. अंधाराच्या तासाला १.२ मेगावॅट-अवर साठा हवा. मोठी बॅटरी ३ मेगावॅट-अवरची असते, त्यामुळे एक पुरते, ती अडचण नाही. अडचण ती भरायची आहे. बॅटरी भरताना पाचवा हिस्सा वाया जातो, म्हणजे १.२ साठवायला १.५ द्यावे लागतात. वर दिवसाचा स्वतःचा लोड १.२ आहेच. एका तासात २.७. आणि १६० हा आकडा ऊन सरळ पॅनेलवर पडेल तेव्हाचा. एका जागी पक्क्या बसवलेल्या पॅनेलला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं, सरासरी शंभराच्या आसपास धरा. सत्तावीस पॅनेलं! मी आठ लावली होती.

मग मी पवनचक्क्या लावल्या. एकीचे जास्तीत जास्त ४०० किलोवॅट. ती हवा असलेल्या ग्रहावरच चालते, जमिनीला बांधलेलीच लागते, आणि आजूबाजूला मोकळी जागा नसेल तर निम्मंही देत नाही. पहिल्या चार मी दाटीने लावल्या आणि त्या एकमेकींचा वारा अडवत राहिल्या. उंच खांबावर, एकमेकींपासून दूर नेल्यावर आकडे वर आले. वाऱ्याला रात्र नसते, हा तिचा मोठा गुण. ग्रहावर सुरुवात करणाऱ्या कोणालाही मी आधी वारा आणि मग सूर्य असंच सांगते.

आता कनेक्टर. मला या खेळातली सर्वांत सुंदर रचना हीच वाटते, आणि सर्वांत धोक्याचीही.

जहाज बेसला कनेक्टरने जोडून लॉक केलं की दोघांची वीज एक होते. नुसते पाय टेकून, लँडिंग गिअर चिकटवून होत नाही, कनेक्टरच लागतो. जोडल्या क्षणापासून जहाजाच्या बॅटरीला कळत नाही की आपण जहाजाची आहोत. ऑटोवर ठेवली असेल तर ती बेसला वीज देतेही आणि बेसकडून घेतेही. रात्री बेसला कमी पडलं की उभ्या जहाजातली वीज निमूट बेसकडे वाहते आणि सकाळी जहाज रिकामं. म्हणून अनुभवी लोक जोडल्यावर बॅटरी रिचार्जवर टाकतात, म्हणजे ती फक्त घेते, देत नाही.

आणि मग निघताना विसरतात. रिचार्जवरच्या बॅटरीत तीन मेगावॅट-अवर भरलेले असोत, कनेक्टर सोडला की जहाजाला एक वॅट मिळत नाही. माझं पहिलं मोठं जहाज असं गेलं. बेस कड्याच्या टोकाला होता. कनेक्टर सुटल्याचा खट्ट आवाज आला, कॉकपिटमधले सगळे दिवे एकदम विझले. इंजिनाचा आवाज थांबला की किती शांत होतं, ते मला तेव्हा कळलं. टर्मिनल उघडून बॅटरी ऑटोवर आणेपर्यंत खालचे दगड दिसायला लागले होते. अठरा दिवसांचं काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी कामावर एका डीजी, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, पॅनेलचं टेस्टिंग होतं. अशा पॅनेलमध्ये बाहेरची लाईन आणि जनरेटर यांच्या ब्रेकरमध्ये इंटरलॉक असतो. एक चालू असेल तर दुसरा हाताने ओढला तरी चढत नाही. कोणी ऑपरेटर थकलेला असो, अंधारात असो, घाईत असो, दोन्ही एकदम चालू होऊच शकत नाहीत. तो इंटरलॉक मी हजार वेळा तपासला असेल. त्या दिवशी ब्रेकरचा दांडा धरून दोन मिनिटं उभी राहिले. माझ्या जहाजाला इंटरलॉकच नव्हता.

२०२३च्या एका मोठ्या अपडेटने खेळात इव्हेंट कंट्रोलर नावाचा ब्लॉक आणला. त्याला सांगता येतं की कनेक्टर जोडला गेला की बॅटऱ्या रिचार्जवर टाक, सुटला की ऑटोवर आण. तेव्हापासून माझं एकही जहाज त्याच्याशिवाय बाहेर पडत नाही. भाच्याच्या जहाजावर मीच बसवून दिला होता. आणि एक बॅटरी नेहमी ऑटोवर मोकळी सोडते, कितीही ब्लॉक असले तरी. बाबा प्रत्येक घरात मेन स्विचजवळ एक मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवायला सांगायचे, तसं.

खेळात काय नाही, तेही सांगायला हवं. नाहीतर पोराला वाटेल वीज म्हणजे एवढंच.

खेळात वायर नाही. ब्लॉकला ब्लॉक चिकटला की वीज पोचली. शंभर मीटर लांब जहाजाच्या एका टोकाला रिॲक्टर आणि दुसऱ्या टोकाला थ्रस्टर असला तरी मधे काहीच कमी होत नाही, काही तापत नाही. व्होल्टेज नाही, फेज नाही, न्यूट्रल नाही, अर्थिंग नाही. जास्त ओढलं तर सगळं उपाशी राहतं, पण जळत काही नाही. खेळ म्हणून ते योग्यच आहे, नाहीतर कोणी दहा मिनिटंही खेळणार नाही. पण माझ्या बाबांचं सगळं आयुष्य त्याच गोष्टीत गेलं जी खेळात नाही. ते घरात शिरले की आधी भिंतीवर हात ठेवायचे. कुठे वायर तापतेय ते तळव्याला कळायचं त्यांच्या.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या मीटररूममधून वास येऊ लागला. गरम प्लास्टिकचा, थोडा गोडसर. मी खाली गेले. बिल्डिंग जुनी आहे, बांधली तेव्हा घरटी एक फ्रिज आणि चार पंखे धरलेले. आता बत्तीस घरांत चाळीसच्या वर एसी. मेन केबलचा एका फेजचा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड, काळा पडला होता, त्याच्या मागची स्लीव्ह वितळून मेणासारखी ओघळली होती. नटाखाली जेमतेम अर्धा आटा ढिला. तेवढ्या ढिल्या जागेत रोज रात्री तापायचं, पहाटे निवायचं, आणखी ढिलं व्हायचं. त्या रात्री मेन उतरवून, लग कापून, नवीन क्रिंप करून पुन्हा आवळेपर्यंत दीड वाजला. भाचा टॉर्च धरून उभा होता. कापलेला लग त्याने मागून घेतला, तो त्याच्या कंपासपेटीत आहे.

तेव्हा त्याला तिसरी गोष्ट सांगितली होती. साठा किती, एका वेळी मिळते किती, आणि ती येते कुठून. वाट. १२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार त्याला आठवत होता, कारण सकाळी दहाच्या सुमारास त्याचा ऑनलाइन वर्ग मधेच बंद पडला. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्यात त्या दिवशी विजेचा दुष्काळ नव्हता. कळवा आणि पडघा यांच्या मधल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि येणारी वाट तुटली. खेळात असा दिवस कधीच उगवत नाही. कळव्याच्या सबस्टेशनचे मनोरे लोकलमधून दिसतात. तेव्हापासून तो खिडकीतून ते बघतो आणि वाहिन्या मोजतो.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीतच राज्याचं भार प्रेषण केंद्र आहे. मी रोज त्यावरून कामाला जाते. महाराष्ट्रभर या क्षणी लागणारी वीज आणि या क्षणी तयार होणारी वीज यांचा मेळ तिथे चोवीस तास घातला जातो. मेळ बसतोय की नाही ते फ्रिक्वेन्सी सांगते. ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहायला हवी. मागणी वाढली की घसरते, उत्पादन वाढलं की चढते. खेळात फ्रिक्वेन्सी नाही, पण कॉकपिटच्या कोपऱ्यात विजेच्या वापराचा टक्का दिसतो. मी भाच्याला म्हटलं, तू बॅटरीचा टक्का बघत होतास, तो कोपऱ्यातला बघायचा. तो शंभरला टेकला की तू उडत नाहीयेस, पडायच्या बेतात आहेस.

युरेनियमचं थोडक्यात, कारण त्याने विचारलंच. मोठ्या ब्लॉकचा छोटा रिॲक्टर १५ मेगावॅट देतो, मोठा ३००. गाळलेल्या एका किलो युरेनियममधून खेळात १ मेगावॅट-अवर मिळतो. हे खूप कमी आहे. तारापूरच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसारख्या भट्टीत एका किलो नैसर्गिक युरेनियममधून साधारण पन्नास मेगावॅट-अवर वीज निघते. खेळाने ते मुद्दाम महाग ठेवलंय, म्हणजे माणूस सूर्य आणि वारा सोडून लगेच तिकडे पळत नाही. पृथ्वीसारख्या ग्रहावर ते सापडतही नाही, आधी अवकाशात जावं लागतं. तारापूर २०१४पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं हे ऐकून त्याला फार आनंद झाला, का ते मला समजलं नाही.

रविवारी सकाळी मी उठायच्या आधीच तो कॉम्प्युटरवर होता. पण खेळ चालू नव्हता. समोर बाबांची जुनी वही उघडी होती, लाल पुठ्ठ्याची, जिच्यात ते घरोघरचे पॉइंट लिहायचे. "हॉल: ट्यूब २, पंखा १, प्लग ५ अँपि. २." शेवटची कोरी पानं मी कधी कोणाला वापरू दिली नव्हती. त्याने पेन्सिलने रेघा मारून तक्ता आखला होता. थ्रस्टर वर ८, मागे ४, बाजूंचे, ड्रिल, कनेक्टर, दिवे. समोर किलोवॅट. एक रकाना रिकाम्या जहाजाचा, एक भरलेल्याचा. खाली बेरीज, आणि बेरजेखाली दोन रेघा, अगदी आजोबा मारायचे तशा. त्याने आजोबांना पाहिलेलं नाही.

"आत्या, सगळं एकदम चालू धरायचं की नाही? एकाच वेळी मी पुढे आणि मागे थोडाच जाणारेय."

याला आमच्याकडे डायव्हर्सिटी म्हणतात. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरांना हा प्रश्न पडायला सहा महिने लागतात. मी त्याला म्हटलं, दिशांचं धरू नकोस, पण वर उचलणारे कायम पूर्ण धर.

दुसरी बॅटरी बसली. ८ मेगावॅट झाले, मागणी ७.२. बॅटरीचं वजन वाढलं म्हणून त्याने भरलेला रकाना खोडून पुन्हा काढला. दुपारी खाणीत उतरला, पोट भरून माल घेतला आणि स्पेसबार दाबला. खड्ड्याच्या तोंडाशी आल्यावर थांबला, कोपऱ्यातला आकडा मोठ्याने वाचला, आणि मग पुढचं बटण हळूच दाबलं. ७८ झाले. जहाज पुढे सरकलं आणि त्याच उंचीवर राहिलं. बेसपर्यंतची तीन मिनिटं तो एक शब्द बोलला नाही. कनेक्टर लॉक झाल्यावर त्याने टर्मिनल उघडून एक बॅटरी रिचार्जवर गेलीय आणि दुसरी ऑटोवर आहे ना ते बघितलं, आणि वहीत त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.